पोटदुखी

३ ऑगस्ट

पोचले एकदाची. मामाने ट्रंक स्वतः तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि दारात धापा टाकत म्हणाला, आता डॉक्टर झाल्याशिवाय खाली उतरू नकोस, माझी कंबर दुसऱ्या खेपेला टिकायची नाही. खोली दोघींची. दोन खाटा, दोन कपाटं, खिडकीशी एक लांब टेबल आणि त्याला समोरासमोर दोन खुर्च्या. मी आधी आले म्हणून उजेडाकडची खुर्ची माझी.

पार्टनर संध्याकाळी आली. काटकुळी, कमी बोलणारी. सतत पेन्सिलीचं टोक कुरतडते म्हणून शेजारच्या खोलीतल्या मुलींनी तासाभरात तिचं नाव खारूताई ठेवलं. तिला राग आला नाही. प्रवेशाच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर, तिचं शेवटून चौथं. तिला अभ्यासात मदत करायची असं ठरवलंय.

९ ऑगस्ट

आज पहिल्यांदा डिसेक्शन हॉल. फॉर्मॅलिनने डोळ्यांना धारा. आमच्या टेबलावर सहाजणी आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांचा देह. मॅडमनी आधी आम्हाला मिनिटभर मान खाली घालून उभं केलं. म्हणाल्या, यांनी आपणहून स्वतःला तुमच्या हवाली केलंय, वेडंवाकडं बोलायचं नाही. खारूताईने माझी बाही घट्ट धरली होती. मला घाम फुटला होता, पण ती मला धरतेय याचं बरं वाटलं.

२६ ऑगस्ट

पोट उघडून आठवडा झाला. पुस्तकात सगळं लाल-निळं-पिवळं असतं, इथे मात्र सारं एकाच राखाडी रंगाचं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. मॅडमनी मला यकृताबद्दल विचारलं. श्वास न घेता सगळं सांगितलं. त्या नुसतं ‘हं’ म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

मग त्यांनी खारूताईची चित्रांची वही उचलली. खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहत राहिल्या, दुसऱ्या सरांनाही बोलावलं. तीस वर्षं शिकवतेय, म्हणाल्या, असं यकृत कागदावर पाहिलं नाही. हा रंग तर जिवंत माणसाचा आहे, टेबलावरच्या देहाचा नाही, तू कुठे पाहिलास? खारूताई खाली बघून म्हणाली, दिसतो.

दिसतो म्हणे. जेवताना सगळ्या तिच्याभोवती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे इथे लिहायला हरकत नाही.

३० ऑगस्ट

तिला सरळच विचारलं, कुठून उतरवतेस. ती लाजली. म्हणाली, अभ्यासाला बसलं की समोर टक लावून बघते, मग हळूहळू आतलं दिसायला लागतं आणि हात आपोआप चालतो. लहानपणी मांजराचं काढलं होतं, तेव्हा आजीने कागद जाळून टाकला आणि पुन्हा काढायचं नाही म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

समोर तर मी बसलेली असते. मी घोकंपट्टी करून घसा सुकवायचा आणि हिने माझ्याकडे बघत बसून वाहवा मिळवायची.

५ सप्टेंबर

सात वेळा स्वादुपिंड काढलं, सातही वेळा रताळं झालं. आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिचं चांगलं झालं तर तुझ्या पोटात का दुखतंय?” मी फोन ठेवून दिला.

१२ सप्टेंबर

आज मजा आली. खारूताईने मूत्रपिंडं काढली, म्हणजे मूत्रपिंड काढलं. एकच, उजवं, तेही चांगलं दांडगं. डाव्याच्या जागी कोरा कागद. मॅडम म्हणाल्या, अगं, दुसरं विसरलीस की काय? टेबलावर दोन्ही होती, सगळ्यांनी हातात घेतली होती. खारूताई गोंधळून म्हणाली, मला तिथे काही दिसलंच नाही. मी इतकी हसले की बाजूचीने चिमटा काढला.

पण शेवटी मॅडमनी तिच्याच वहीला सर्वांत जास्त गुण दिले. पंचवीस तारखेला अख्खी वही पूर्ण करून दे, म्हणाल्या, संग्रहालयात ठेवू. माझ्या वहीवर नुसती सही.

१८ सप्टेंबर

ती आंघोळीला गेली होती. वही टेबलावर उघडीच. जठराचं पान. आतली बाजू, एकेक वळी, ओलसर गुलाबी, बघता बघता हलेल असं वाटावं. मी बोट ओठांना लावून ओलं केलं आणि मधोमध एकदाच फिरवलं. पेन्सिलीचा रंग फिसकटला. मग वही मिटून ठेवली आणि केस विंचरत बसले.

मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू.

१९ सप्टेंबर

कालपासून पोटात आग पडलीय. मेसच्या रश्शाला नावं ठेवली, पण तो बाकी कुणाला बाधला नाही. सकाळी उलटी झाली, काळी, कॉफीच्या चोथ्यासारखी. खारूताईनेच मला कॉलेजच्या रुग्णालयात नेलं. हात सोडला नाही. तिचा तो हात सोसवत नव्हता.

२१ सप्टेंबर

घशातून दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टरांनी पडद्यावर दोनदा पाहिलं. मग म्हणाले, जखमा पुष्कळ पाहिल्या, ही अशी नाही पाहिली. जठराचं अस्तर एका सरळ पट्ट्यात गेलंय. कुणी बोट फिरवून पुसावं तसं.

सोनोग्राफीही केली. सहज बोलल्यासारखं विचारलं, डावी किडनी जन्मापासूनच नाही हे घरी माहीत आहे ना?

घरी माहीत नाही. मला माहीत नव्हतं. कुणालाच—

एकीला दिसलं होतं.

२२ सप्टेंबर

पडून विचार करतेय. म्हणजे तीस वर्षांत न पाहिलेलं ते यकृत माझं. मॅडमनी खिडकीपाशी नेऊन पाहिलं ते माझं. कौतुक माझ्या आतल्या मांसाचं आणि नाव तिचं. मरणाची भीती वाटायला हवी, आणि मला हे सुचतंय.

२३ सप्टेंबर

खोलीवर सोडलं. चालवत नाही, खाटेवरच. ती तासाला गेल्यावर भिंतीला धरत टेबलापर्यंत गेले आणि वही पाहिली. पुढची पानंही भरलीत. आतडी. फुप्फुसं. शेवटी हृदय. त्यावर करंगळी टेकवली, जेमतेम.

छातीत एक ठोका चुकला. बोट उचललं तेव्हा पुढचा पडला.

वही उशीखाली घेऊन झोपलेय. कुशीवर वळायचीही भीती वाटते. पान चुरगळलं तर—

२४ सप्टेंबर

ती दिवसभर वही शोधतेय. कपाट उपसलं, खाटेखाली वाकून पाहिलं. रडली. मला विचारलं, मी नाही म्हटलं. तिने माझ्या अंगावरची चादर सारखी केली.

एक वाक्य सांगायचंय. तुझ्या चित्राची नासाडी मी केली, ती माझ्याच अंगावर आली, वहीला हात लावू नकोस. ती विचारेल, का केलीस? त्याचं उत्तर तोंडातून निघत नाही. यादीत शेवटून चौथी असलेल्या मुलीला हे सांगायचं?

उद्या सांगेन.

२५ सप्टेंबर, सकाळ

डोळा लागला होता. ती माझी उशी सारखी करायला आली आणि वही सापडली. ओरडली नाही. म्हणाली, आजारपणात पाहायला घेतली असशील, मला सांगायचं ना. मग डाग पाहिला. पाणी सांडलं असेल, असू दे, म्हणाली. अकरा वाजता वही द्यायचीय, मी पटकन खोडून नवीन काढते. नाहीतरी फुप्फुसं मला तितकी जमली नव्हती, आधी ती घेते.

मी नको म्हटलं. का, तिने विचारलं. मी म्हटलं, छान आहेत गं.

ती हसली. पहिल्यांदाच तू छान म्हणालीस, म्हणाली.

पाठमोरी टेबलाशी बसलीय. खोडरबराचा आवाज—

सांगते. आता सांगतेच.

आवाज निघत नाही. श्वास वरच्या वर— डाव्या बाजूला काही भरतच नाही. ती रबराचा चुरा फुंकून उडवतेय

खाट वाजवली. वळून न बघता म्हणाली पड तू झालंच माझं

उजवीकडे पण

हे पान फाडून तिच्या पाठीवर टाकते. तिला वाचता येईल असं लिहायचं नीट

खारूताई थांब. ते मी आहे. डाग मी पाडला कारण मी तुझ्यावर जळ