संयम, तांबड्या शाईत

दि. ९ मार्च

चि. बडबडीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर रडत जाऊ नकोस, मला ऐकू येत नाही. बसस्टँडवरच्या स्फोटात उजवा कान गेला तो गेलाच, डाव्यात नुसती भुणभुण आहे. तुझे बाबा ओरडून बोलतात. ते साऱ्या शेजाऱ्यांना कळतं, मला सोडून. तेव्हा आता पत्रंच लिही. निदान तुझं अक्षर तरी दिसेल.

पेपरच्या छापखान्यात परत जाऊ लागलेय. मुद्रितं तपासायला डोळे पुरतात. पण मूळ मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा जोडीदार आता काय कामाचा, दोन्ही कागद मीच ताडून बघते. लहानपणी तू वाचायचीस, 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम' सगळं नाकात म्हणत. फार आठवण येते गं.

तुमच्या तिकडच्या देशातल्या पेपरातला, तू आपल्या भाषेत आणलेला अग्रलेख वाचला. बॉम्ब ठेवणाऱ्यांच्या तळांवर आपली विमानं गेली तर तो 'सूड', आणि आपण 'संयम' पाळावा म्हणे. गेल्या वर्षी तुमच्या स्टेशनवर स्फोट झाला, तुमची विमानं गेली, तेव्हा ह्याच पेपरात 'ठाम प्रत्युत्तर' होतं. दोन्ही कात्रणं तांबड्या रेघा मारून पाठवतेय. एकच सांग, शब्द तुझा की त्यांचा?

तुझ्या मायेवर आमचं चाललंय, ती आटू देऊ नकोस.
तुझी आई

दि. २१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तांबडी शाई पाहून शाळेतल्यासारख्या आधी चुका मोजल्या. शब्द त्यांचा, पण आपल्या भाषेत बसवला मी, अगदी सफाईनं. संपादकांना कात्रणं दाखवली. ते म्हणाले, तेव्हा आपली माणसं गेली होती. मी म्हटलं, ह्या वेळी माझी आई तिथं उभी होती. त्यांनी मला चहा पाजला. शब्द काही बदलला नाही.

पण तुझीच पोर ना, तुझाही पेपर काढून वाचला. 'शत्रूचे तळ उद्ध्वस्त.' सीमेपलीकडच्या गावातली सात शाळकरी मुलं त्यात गेली, ती तुमच्या पानावर कुठंच नाहीत. तिथं रेघ मारलीस का? रागावू नकोस. जवळ असते तर हे विचारायचं धाडस झालं नसतं, आणि जवळ नाही हेच मला खातंय. रजेचा अर्ज दोनदा परत आलाय.

बाबांना नमस्कार. माझ्यावरचा जीव कमी करू नका.
बडबडी

दि. ४ एप्रिल

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर खूप चिडले. मग खरं ते कबूल केलं. मूळ प्रतीत ती मुलं होती, छापायच्या पानातून गाळली होती. दोन्ही कागद माझ्याच हातात होते. कान ठणकत होता, मनात म्हटलं, त्यांनाही दुखू दे. पान तसंच सोडलं. काल त्याच विषयाचं पान आलं तेव्हा समासात प्रश्नचिन्ह टाकलं. संपादकांनी खोडलं, मी पुन्हा टाकलं. आता छापखान्यात माझ्याकडे कुणी बघत नाही, पण त्यानं काही बिघडत नाही.

शब्द कुणाचा, हे विचारणं निमित्त होतं. 'संयम' वाचला आणि वाटलं, माझी मुलगीच मला गप्प बस म्हणतेय. संयम आहे गं माझ्याकडे, भरपूर आहे. फक्त तुझ्या बाबतीत संपलाय. ये आणि वाचून दाखव. ऐकू येणार नाही, ओठांकडे बघत बसेन.

तुझी वाट बघणारी,
आई

दि. १९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दोन्ही देशांच्या विमानांना एकच शब्द लावीन म्हटलं, तर संपादक म्हणाले, मग दुसरं काम बघ. बघितलं. तुझ्या शेजारी बसून वाचायचं.

शनिवारी विमानातून उतरून दुपारच्या बसनं येतेय. बाबांनी कळवलंय की तू अजून बसस्टँडचा रस्ता टाळतेस, लांबून वळसा घालून जातेस. तरी न्यायला तूच ये. मी खिडकीतूनच बोलायला लागेन, स्वल्पविरामासकट. तू बघत राहा.

तुझीच,
बडबडी