माझ्या पोटातला साक्षीदार

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींना अजून सोयीपुरतंच ऐकू येतं ना? इकडे सगळं ठीक आहे, आणि या वेळी 'ठीक' हा शब्द मी छातीठोकपणे लिहितो आहे. मला कर्करोग नाही! जठरात जखम आहे आणि ती करणारा एक जंतू आहे. दोन आठवडे गोळ्या घेतल्या की त्याचा निकाल लागेल. आई पोटाच्या दुखण्यानेच गेली, म्हणून मी मनातल्या मनात निरवानिरव करून बसलो होतो (माझी पुस्तकं तुला ठेवली होती. आता मिळणार नाहीत).

झालं असं, की पोटात नळी घालून आत बघणाऱ्या डॉक्टरीणबाई या जंतूवर संशोधनही करतात. त्यांनी आधीच विचारलं, "काका, आईवडील मूळचे कुठले? कोणत्या समाजाचे?" माझं डोकंच सणकलं. माणसांची प्रतवारी लावू नका, असं जन्मभर व्यासपीठावरून ओरडत आलो, आणि इथे उपाशीपोटी, मागून उघड्या झग्यात मला समाज विचारतात! मी तसाच उभा राहिलो आणि मानवजातीच्या आरंभापासून सुरुवात केली. (मागच्या बाकावरचे रुग्ण का हसत होते, ते बायकोने नंतर सांगितलं.) बाई शांतपणे म्हणाल्या, "मला पटलं, काका. जंतूला पटलंय का बघू." आणि घशात नळी सारली. विरोधकांना ही युक्ती कळली नाही तर बरं.

तोंड बंद असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. हा जंतू बहुधा लहानपणी घरातूनच मिळतो, बऱ्याचदा आईकडून. माणसं जिकडे गेली तिकडे तोही त्यांच्या पोटातून गेला आणि एकेका लोकसमूहात त्याची जनुकं थोडी थोडी बदलली. त्यातले काही प्रकार जास्त छळतात, म्हणून ही चौकशी. मात्र दोन प्रकार एका पोटात भेटले, की आपसात जनुकांची देवाणघेवाणही करतात. हे ऐकून मला टाळी वाजवायची होती, पण नर्सने हात धरले होते.

मग निकाल आला. जखमेजवळचा तपासायला काढलेला तुकडा निर्धोक. आणि जंतू? अर्धा आपल्याकडचा, अर्धा पुलापलीकडच्या लोकांचा! ज्यांच्याशी सोयरीक नको, शेजार नको म्हणून इथले शहाणे कंठशोष करतात, त्यांचा आणि आपला संसार माझ्या जठरात बिनबोभाट चालला होता. रविवारच्या सभेत मी हे असं काही मांडलं, की पहिल्या रांगेतल्या शहाण्यांनी नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवले. बायको मात्र म्हणाली, "अहो, एवढा गुणी साक्षीदार, आणि तुम्ही त्याला रोज गोळ्या घालताय?" (क्षणभर गोळी हातातच राहिली. मग गिळली. तत्त्व तत्त्वाच्या जागी, जळजळ जळजळीच्या जागी.)

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता. क. डॉक्टरीणबाईंचा आत्ताच फोन आला. दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दोन्ही तुकडे निर्धोक आहेत, ते त्यांनी पुन्हा तपासलं. पण तो मिश्र जंतू शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याचा. माझा निर्भेळ आपल्याकडचा निघाला. पुढच्या सभेत शिंप्यालाच व्यासपीठावर नेणार आहे. मुद्दा माझा, पोट त्याचं.

आणखी ता. क. निर्भेळ, म्हणजे माझा जंतू बहुतेक सरळ आईकडूनच आलेला. आपल्या दोघांनाही तिनेच घास चावून भरवले होते, ताई. तू अर्ध्या जेवणातून उठून ओट्याला धरून उभी राहतेस, हे भाऊजींनी मला कळवलं आहे. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. सोमवारी सकाळी तुझी वेळ घेतली आहे. नळी करंगळीएवढीच असते. मी न्यायला येतो आहे. दाराला कुलूप लावून शेजारी जाऊन बसू नकोस.