चिंगीचा थायरॉइड

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. "मी खुशाल आहे" असं सगळेच लिहितात. मी मात्र रक्त तपासून घेऊन लिहिते आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही. तू "एकदम झकास" म्हणणार, आणि डायलिसिसहून आल्यावर तू भिंत धरून जिना चढतोस हे वहिनी सांगणार. उगाच तुला कशाला खोटं बोलायला लावू?

इकडे दातांच्या लॅबमध्ये कामाचा ढीग पडलाय. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांची कवळी तिसऱ्यांदा आमच्याकडे परत पाठवली. तक्रार काय, तर "मी फार आनंदी दिसतो." शेवटी मी दातांचा रंग जरा मळवला, एक दात किंचित तिरका बसवला. आता त्यांचा चेहरा पूर्वीसारखा रागीट दिसतो आणि ते खूश आहेत. माणसाला नक्की काय हवं असतं ते दात बनवणारीला कळतं, पण सांगता येत नाही.

बरं, आता मुद्द्याचं. तीन आठवडे मी फोन केला नाही. शेवटच्या फोनवर मी तुला रडत रडत सांगितलं की किडनी जुळली खरी, पण थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आलाय आणि डॉक्टरांनी सगळं थांबवलंय. तू हसून म्हणालास, "सुटलीस बघ, चिंगे." मी फोन ठेवून दिला. मला ते लागलं, हे तुला कळलं असणार. का लागलं, ते तुला माहीत नाही.

आधी रिपोर्टचं सांगते, ते सोपं आहे. टीएसएच इतकं खाली की जवळजवळ नाहीच. टी-थ्री आणि टी-फोर आभाळाला भिडलेले. म्हणजे थायरॉइडची ग्रंथी बेफाम सुटली आहे, असा त्याचा अर्थ. मला थायरॉइडच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई लहानखुऱ्या, आवाज मात्र खणखणीत.

"वजन घटलंय का?"

"तुमच्या तोंडात साखर पडो," मी म्हटलं.

"छातीत धडधड? घाम? झोप लागत नाही?"

"आडवी झाले की घोरते. शेजारचे सांगतील."

मग त्यांनी मला हात पुढे करायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला. हा आजार असला की बोटं थरथरतात म्हणे, आणि कागद फडफडतो. माझा कागद ढिम्म. मेणात दात बसवायचे हात ते, हलतील कसे? बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "रिपोर्ट एक सांगतो आणि तुम्ही दुसरंच दिसताय. काही औषधं चालू आहेत?"

"छे," मी म्हटलं. आणि दादा, तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. वहिनीने पाठवलेल्या केसांच्या गोळ्या मी औषधात धरतच नव्हते. तपासण्या सुरू झाल्यापासून माझे केस कंगव्याला गुंता होऊन यायचे. वहिनीला कळलं तशी तिने बाटलीच धाडली. "नवऱ्यासाठी किडनी घेतेय, तुझे केस तरी राहू देत गं," असं वर म्हणाली. बाटलीवर कमरेपर्यंत केस सोडलेल्या बाईचं चित्र, दुकानात ठेवतात शांपूच्या शेजारी. कोण त्याला औषध म्हणेल?

पण बाई खमक्या. "केसांसाठी, नखांसाठी काही घेता? त्या गोळ्यांत बायोटिन खूप असतं. आमच्या तपासणीच्या यंत्रातही तेच वापरतात. रक्तात ते जास्त झालं की यंत्राची गल्लत होते आणि धडधाकट माणूस आजारी दिसतो."

बाटली माझ्या पर्समध्ये होती. मांडीवर.

मी म्हटलं, "नाही."

आता का ते सांगते. पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी मी दवाखान्यातून बाहेर पडले आणि कोपऱ्यावर उभं राहून आइस्क्रीम खाल्लं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मला भीती वाटते रे, दादा. भुलीची, टाक्यांची, एकाच किडनीवर जगायची, आणि मी ती दिली तरी तुला नाही मानवली तर, त्याची तर सगळ्यांत जास्त. जुळली म्हटल्यावर वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर "मला भीती वाटते" हे म्हणायला जागाच उरली नाही. रिपोर्टाने मला वाट करून दिली, तीही अब्रूने. मग घरी येऊन तुला फोन केला आणि रडून दाखवलं. आणि तू म्हणालास, सुटलीस. माझ्या पोटातलं वाचल्यासारखा बोललास तू.

तर मी "नाही" म्हटलं. बाई म्हणाल्या, "मग आणखी तपासण्या करू, उपचार ठरवू. त्याला काही महिने जातील. भावाला दुसरं कुणी बघायला सांगा." मी म्हटलं, "बरं." किती सहज म्हटलं! लिफ्टशी येऊन उभी राहिले आणि माझ्याच त्या "बरं"ची मला शिसारी आली. दुसरं कुणी म्हणजे कोण? तुला तर कुणीच जुळत नव्हतं. लिफ्ट आली, उघडली, बंद झाली. मी परत फिरले आणि बाटली बाईंच्या टेबलावर ठेवली.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी बाटली वाचली, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "गोळ्या बंद करा, आठवड्याने रक्त पुन्हा बघू. आणि नीट ऐका. तुम्हाला किडनी द्यायची नसेल तर मला एवढंच सांगा. घरच्यांना आम्ही 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाहीत' इतकंच कळवतो. कारण कुणालाही सांगत नाही."

काल रिपोर्ट आला. टीएसएच, टी-थ्री, टी-फोर, तिन्ही सुतासारखे सरळ. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय कळवू?"

दार उघडं होतं, दादा. कुणी अडवत नव्हतं, कुणाला कधी कळलंही नसतं. मी पोटात भीती शोधली, तर होती की जागेवर. पण या वेळी पळावंसं वाटेना. मी म्हटलं, "देणार आहे म्हणून कळवा."

वहिनीला गोळ्यांवरून एक शब्द बोलायचा नाही. आधीच ती स्वतःला खात असते. मीच सांगेन तिला, हसत हसत.

हे सगळं न लिहिताही मला येता आलं असतं. पण मग तू जन्मभर मला देवी करून ठेवली असतीस, आणि त्या देव्हाऱ्यात मी गुदमरले असते. आइस्क्रीम खाणाऱ्या बहिणीची किडनी चालत नसेल तर आताच सांग. चालत असेल तर आभार मानायचे नाहीत, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, आणि बरा झालास की आधी पुन्हा ड्यूटीवर जाऊन तुझी बस चालवायला लाग.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते. घ्यायला तू येऊ नकोस, वहिनीला पाठव. तुला पाहिलं की मी शूर असल्याचं नाटक करते. तिचा हात धरून मला जरा वेळ नीट घाबरायचं आहे. मग घरी येते.

तुझी भित्री, आणि येणारी,
चिंगी