छत्तीस तारांतली एक काळी

सावली,
४ मार्च २००१

प्रिय धनराज,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडला. पण पत्राची सुरुवात कशी करायची हे तुला-मला एकाच मास्तरांनी, एकाच छडीनं शिकवलं, त्यामुळं हात आपोआप तेच लिहितो. फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी फोनवर मी डिंपलचं नाव काढलं आणि तुला एकदम ऐकू येईनासं झालं. "हॅलो, हॅलो, शालिक, लाइन खराब आहे" असं तू तीनदा म्हणालास. लाइन चांगली होती. तुझा तिसरा 'हॅलो' शेजारी उभ्या असलेल्या बूथवाल्यालासुद्धा स्वच्छ ऐकू आला. पत्रात ती सोय नाही. फार तर तू ते अर्धवट ठेवशील, पण ठेवू नकोस, कारण कामाचं शेवटी आहे.

चंद्रपूरला सायकलच्या दुकानासाठी छर्रे आणायला आलो होतो, तेव्हा सायकल मंडळाच्या फळ्यावर तुझा अहवाल वाचला. उभ्यानं वाचला, चार पानं. 'हंगामपूर्व वाळवंटी सराव दौरा, फेब्रुवारी २००१'. पहिली दोन पानं हारतुऱ्यांची. तिसऱ्या पानावर दौऱ्यामागचा शास्त्रीय विचार. परदेशातले सायकलपटू हंगाम सुरू होण्याआधी गटागटानं उबदार वाळवंटी भागात सरावाला जातात, असं तू कुठल्या तरी मासिकात वाचलंस. ते जातात, धनराज, कारण त्यांच्या घरासमोर तेव्हा गुडघाभर बर्फ असतं. आपल्या घरासमोर काय होतं? फेब्रुवारीत सावलीला दुपारी मी दुकानाला पोतं बांधून सावली करतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या डांबरावर चप्पल चिकटते. अशा गावच्या सहा पोरींना तू ऊन दाखवायला बिकानेरच्या पुढं घेऊन गेलास, आणि तिथं सकाळी थंडी इतकी की पोरींनी पहिले चार दिवस एकमेकींचे स्वेटर घालून सायकल चालवली. उबेच्या शोधात आपल्यापेक्षा थंड गावी गेलेला प्रशिक्षक म्हणून तुझा सत्कार व्हायला हवा. मी हार घेऊन येतो.

पण पोरींना फायदा झाला, हे मी खोटं म्हणणार नाही. सरळसोट रस्ते, समोरून वारा, रोज शंभर किलोमीटर. वाऱ्याच्या तोंडावर आळीपाळीनं पुढं यायचं, मागच्यांना आडोसा द्यायचा, मग बाजूला होऊन शेवटी जायचं, हे तू त्यांना चांगलं शिकवलंस. डिंपलनं परत आल्यावर मला ते दुकानासमोर खडूनं काढून दाखवलं. मी विचारलं, वाऱ्याची भीती नाही वाटली? म्हणाली, "वाऱ्याले काऊन भ्यायचं काकाजी? तो काय चावते?"

आता तुझं चौथं पान. ते मला पाठ झालंय. 'कु. डिंपल लटारू हिने अंतिम चाचणीत विनाकारण गट सोडून उलट दिशेने प्रस्थान केले, सायकलची निगा राखली नाही व अडीच तास उशिरा परतली. स्पर्धात्मक वृत्तीचा अभाव. शिस्त नाही. निवडीस अपात्र.' प्रस्थान केलं म्हणे. शनिवारी तुझ्या सहीनं यादी पुढं जाणार. पहिल्या चौघींचा राज्याच्या संघात समावेश, आणि संघात नाव आलं तरच क्रीडा वसतिगृहातली जागा, पुढचं शिक्षण. पहिल्या दोन आठवड्यांच्या तुझ्याच नोंदींत ही पोरगी प्रत्येक चाचणीत पहिली आहे. तेही तू लिहिलंस, पान तीन, अगदी खाली, बारीक अक्षरात. तुझी मंजुषा चाचणीत चौथी आली. अभिनंदन करायचं राहिलं होतं.

लटारूची पोरगी उलट दिशेनं का गेली, हे तुला विचारावंसं वाटलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं तर मी गप्प बसलो असतो. तुला कळायला हवं होतं.

ढिवर मोहल्ल्यातली माणसं तलावातली मासळी टोपल्यांत भरून, सायकली एका रांगेत लावून मूल गावाच्या पुढं जंगलातून जायची, अजूनही जातात. शेवटचा माणूस दर ओढ्याच्या रपट्यावर हाक देणार, पहिला ओ देणार. हाक आली नाही तर अख्खी रांग वळणार. काय झालं असेल याची चर्चा नाही, मासळी नासेल याचा विचार नाही. आधी वळायचं, मग बोलायचं. शाळेच्या शर्यतीसाठी सराव म्हणून तू आणि मी त्या रांगेत घुसायचो, आणि लटारूचा बाप आपल्याला 'शाळेतले साहेब' म्हणायचा. त्र्याहत्तर सालचा एप्रिल. मोहाची फुलं पडत होती. तू शेवटी होतास. तिसऱ्या रपट्यावर तुझी हाक आली नाही.

सगळे वळले. तुझी चेन तुटली होती, आणि तीस-चाळीस हातांवर अस्वल निवांत मोह खात बसलं होतं. तू सायकलीच्या मागं उभा होतास, सायकल म्हणजे किल्ला असल्यासारखा. तुझ्या चड्डीचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, ते आजही लिहीत नाही. लटारू आपल्याच वयाचा, सोळा-सतराचा. त्यानं टोपली माझ्या कॅरिअरवर टाकली, स्वतःची सायकल तुझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू निंग. मी येतो पायी." तुझी तुटकी सायकल ढकलत तो नऊ किलोमीटर चालत आला. दुसऱ्या दिवशी शर्यत होती. तू पहिला आलास. तो कप तुझ्या दिवाणखान्यात आहे, मी पाहिलाय, काचेआड.

तर डिंपलनं तिथं पहिल्याच आठवड्यात, सवयीनं, दर मैलाच्या दगडाशी हाक द्यायला सुरुवात केली. पोरी हसल्या. अहवालात तूही लिहिलंस, 'अनावश्यक आरडाओरड'. दुसऱ्या आठवड्यात एकीनं ओ द्यायला सुरुवात केली. कोणी, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

चाचणी साठ किलोमीटरची. तू जीपमध्ये, सगळ्यांच्या पुढं. बरोबर पाहुणे, पाहुण्यांबरोबर कचोऱ्या. जीपला मागं बघायला आरसा असतो, पण तो ड्रायव्हरच्या बाजूला असतो, हे मला मान्य आहे. पाच पोरी आल्या. सहावी आली नाही. तू यादी केलीस, फोटो झाले, जेवणं झाली. सतरा वर्षांची पोरगी अडीच तास परक्या वाळूत एकटी होती, आणि जीप तुझ्या डोळ्यांसमोर उभी होती. एका माणसाला वाटलं नाही की जाऊन बघावं. ती आली ती सायकल खांद्यावर घेऊन, चौदा किलोमीटर पायी. पुढच्या चाकाची जिलबी झालेली. ते चाक तू हातात घेऊन पाहिलं असतंस, नुसतं एकदा फिरवून पाहिलं असतंस, तरी मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तू ते तिथंच भंगारात टाकायला सांगितलंस. सायकल सावलीला एका चाकावर परत आली.

मी विचारलं, काय झालं? "चाक मोडलं." मागं का गेलीस? "हाक नाई आली, म्हणून मी मांगं गेली." कोणाची हाक? यावर ती दुकानातल्या टायरांकडं बघत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, "काकाजी, तुमचा पंप खराब झाला वाटते." पंप नवा आहे.

परवा लटारू आला. बसला नाही. डिंपलच्या सायकलीला पुढचं एखादं जुनं चाक बसवून दे आणि मागं जाड कॅरिअर, टोपली बसेल असं, म्हणाला. मी म्हटलं, ती शर्यतीची सायकल आहे, मी भंगारातून नळ्या निवडून निवडून जोडली आहे, तिला कॅरिअर लावणं म्हणजे मोराला औताला जुंपणं. तो हसला. "शर्यत झाली नं आता. धनराजभाऊनं लिवलं तर खरंच असन. तो उगाच नाई लिवत." तुझ्याबद्दल, धनराज. ज्याला तू त्या दिवसानंतर एका लग्नातसुद्धा शेजारी बसवलं नाहीस, त्याला अजून वाटतं की तू उगाच लिहीत नाहीस. मी म्हटलं, कॅरिअर संपलेत. माझ्या मागं भिंतीवर सहा लटकत होते. तो ते बघून निघून गेला.

इकडची बाकी खबर बरी आहे. धान निघालं, तलाव उतरलाय, माझे गुडघे बोलायला लागलेत. आता कामाचं.

गुरुवारी आरमोरीला जाणाऱ्या बसनं मंजुषाची सायकल आली. हँडलला तुझी चिठ्ठी. 'राज्य स्पर्धेआधी दोन्ही चाकांचा आऊट काढ, डुलतात. इथं चंद्रपुरात चांगले कारागीर आहेत, पण मंजुषाचा हट्ट आहे की पुढचं चाक शालिककाकांनीच, स्वतःच्या हातानं बघावं. पोरींचे हट्ट.' मी सायकल उलटी केली, पुढचं चाक फिरवलं आणि थांबवलं.

डिंपलचं पुढचं चाक मी दिवाळीत बांधलं होतं. पस्तीस चकचकीत तारा होत्या, एक कमी पडली. जुन्या सायकलीची एक काळी पडलेली तार घासून बसवली, काही केल्या चमकली नाही. तारा जिथं एकमेकींवरून जातात तिथं लटारूनं त्याच्या जाळ्याच्या दोऱ्यानं गाठी मारल्या, ढिवरांची गाठ, मला अजून जमत नाही ती. तुझ्या मुलीच्या सायकलीत, धनराज, छत्तीस तारांतली एक काळी आहे. आणि सगळ्या गाठी जागच्या जागी आहेत.

डिंपलला बोलावून चाक समोर धरलं, तेव्हा ती बोलली. दुसऱ्या आठवड्यात ओ देणारी मंजुषा होती. "बाबांनी रांगेची गोष्ट सांगितली आहे लहानपणी" असं तिनं डिंपलला सांगितलं होतं. म्हणजे गोष्ट तू सांगितलीस. किती सांगितलीस ते तुला ठाऊक. चाचणीत डिंपल पुढं होती, दगडाशी हाक दिली, ओ आली नाही. वळली. मंजुषा वाळूत पडलेली, चाक वाकलेलं, रडत होती की बाबा काय म्हणतील. डिंपलनं स्वतःचं चाक काढून तिला लावलं आणि म्हणाली, "तू निंग. मी येतो पायी." तिच्या बापाचे शब्द, जसेच्या तसे, आणि तिला ते कोणी सांगितलेले नाहीत, मी लटारूला विचारून आलो. मंजुषा गेली आणि चौथी आली. मग तिथं सगळे टाळ्या वाजवत होते, सांगायचं राहून गेलं. डिंपलनं माझ्याकडून वचन मागितलं, "तिले काई म्हणू नोका." मंजुषाला मी काहीच म्हणत नाही. वचन तुझ्याबद्दल मागितलेलं नाही.

ही सायकल बुधवारी सकाळच्या बसच्या टपावरून तुझ्याकडं येईल. तिला पुढचं चाक नाही. ते मी जिथलं तिथं, डिंपलच्या सायकलीत बसवलं आहे, आऊट काढून. सायकल उतरवून घ्यायला तू एकटा जाऊ नकोस, मंजुषाला घेऊन जा, आणि चाक कुठं आहे हे माझं नाव न घेता तिलाच विचार. मग ती बोलेपर्यंत थांब. लाइन खराब आहे म्हणू नकोस. तिला सांगायचं नसतं तर तिनं चंद्रपूरच्या त्या चांगल्या कारागिरांकडं चाक दिलं असतं. या जिल्ह्यात ते चाक ओळखणारा एकच माणूस होता, तिनं बरोबर त्याच्याकडं पाठवलं. पोरगी दोन आठवडे मागं पडून आहे, धनराज, आणि हाक तिनं बसनं पाठवली, कारण घरात पोचत नव्हती. यादी शनिवारी जायची आहे. आधी वळ, मग सही कर.

शनिवारपर्यंत तरी तुझाच,
शालिकराम