तोंडी परीक्षा

बाबा, गेल्या आठवड्यात कॉलेजात एका माणसाला मी "हात जोडू नका" म्हटलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडायचं मनात घोळतंय. तुम्ही होतात तेव्हा आपलं भांडण कधी धड झालंच नाही. तुम्ही चिडलात की पाठ फिरवून बोलायचात. मग पाठमोऱ्या माणसाचं हिला काही कळत नाही हे लक्षात यायचं, तुम्ही वळायचात, आणि वळलात की हसू यायचं. भांडण तिथेच मिटायचं. आज मी लिहितेय, त्यामुळे तुम्हाला वळायची सोय नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. अजून तिथेच आहे, संख्याशास्त्र शिकवते. मधल्या काळात आमच्याकडे 'दिव्यांग कक्ष' नावाची एक गोष्ट झाली आणि तिची प्रमुख मला केलं. का, तर "मॅडम, तुम्हाला त्यातलं कळतं." माझ्या दोन्ही कानांमागे मशीन आहे एवढीच माझी पात्रता. तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी कक्षाची फीत कापली, फोटो काढले. समिती गेली आणि त्या खोलीत गॅदरिंगचे पडदे आले. बाहेरच्या रॅम्पवर तुळशीची कुंडी आहे, रॅम्प रिकामा बरा दिसत नाही म्हणून. कुंडी मी उचलून ठेवते, शिपाई परत आणून ठेवतो. आमचं दोघांचं हे इमानेइतबारे चालू आहे.

यंदा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला एक मुलगी आहे, माझ्यासारखीच ओठ वाचणारी. खराडीच्या पलीकडे, शहरात आलेल्या एका गावातली. गाव शहरात आलं, शहर काही अजून गावात आलेलं नाही, असं तीच एकदा म्हणाली. हुशार आहे आणि फटकळ आहे. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत तिला प्रश्न लिहून द्यावेत, असा अर्ज आम्ही दोघींनी कितीतरी आधी विभागात दिला होता. पोच घेतली होती. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक खिडकीला पाठ करून बसले होते, म्हणजे चेहरा सगळा काळोखात. वर दाढी-मिशा अशा की ओठ आहेत हे गृहीत धरायचं. प्रश्न विचारताना ते हातातल्या कागदाकडे बघत होते. बोललेलं लिहून दाखवणारं ॲप फोनवर असतं आता, पण परीक्षेच्या खोलीत फोन चालत नाही. मुलीने तिच्या वहीच्या पानावर 'सर, प्रश्न लिहून द्याल का?' असं लिहून पुढे सरकवलं. त्यांनी ते वाचलं, काहीतरी म्हणाले, आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने तिला दार दाखवलं. तोंडीचा शून्य.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. "मॅडम, ते काय म्हणाले तेवढं विचारून सांगा," म्हणाली. मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "अहो मॅडम, तोंडी परीक्षा आहे. प्रश्न लिहून दिले तर ती लेखी नाही का होणार?" आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यांनी चहा मागवला. मी चहा घेतला नाही. दुपारी प्राचार्यांनी बैठक लावली. लांबलचक टेबल, भिंतीवर घुं घुं करणारे पंखे, आणि सगळे एकदम बोलणारे. एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर नेईपर्यंत वाक्य संपलेलं असायचं. मी म्हणत होते, पुन्हा सांगा, इकडे बघून सांगा. शेजारचे म्हणाले, "काही नाही हो, जाऊ दे, महत्त्वाचं नव्हतं." बाबा, हे 'जाऊ दे' मी आयुष्यभर बघत आलेय. काय महत्त्वाचं नव्हतं ते मला ठरवू द्या ना! बहिऱ्या मुलीच्या परीक्षेवरची बैठक, आणि टेबलावरच्या एकमेव बहिऱ्या बाईला तिथलं निम्मं कळत नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "आम्हाला तिच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे." मी म्हटलं, "सहानुभूती नको, सर. कागद आणि पेन द्या." दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलवल्या. ठरलं काय, तर विद्यापीठाचं मार्गदर्शन मागवायचं. मार्गदर्शन येईपर्यंत गुण पाठवून झाले असते. परीक्षकांचा मुक्काम दुसऱ्या दिवसापर्यंतच होता.

त्या संध्याकाळी खडकीवरून, तुमच्या फॅक्टरीच्या भिंतीजवळून घरी येताना मला माझी तोंडी परीक्षा आठवली. तुम्हाला आठवते का? तुम्ही फॅक्टरीतून रजा काढून आलेले आहात. वर्ष सुरू होतानाच तुम्ही प्रत्येक शिक्षकाला भेटलेले, पेढ्यांचा पुडा देऊन, "मुलीला पहिल्या बाकावर बसू द्या, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, एवढी कृपा करा" असं हात जोडून म्हणालेले. मला लाज वाटून मी जमिनीकडे बघत राहायची, म्हणजे पुढचं सगळं माझ्यापुरतं बंद. परीक्षेच्या खोलीत सर काय विचारतात ते मला कळेना, तेव्हा त्यांनी तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलात. सर विचारतात, तुम्ही माझ्याकडे बघून तेच बोलता. दारूगोळ्याच्या कारखान्यातला माणूस. 'सहसंबंध गुणांक' हा शब्द जिभेवर घोळवत, तीनदा अडखळत, पण ओठ स्वच्छ हलवत. मी तापातून उठले आणि कान गेले तेव्हा, आईने हौसेने कौतुक केलेली ती झुबकेदार मिशी तुम्ही काढून टाकली होतीत. हिला दिसायला हवं, एवढंच म्हणाला होतात म्हणे. परीक्षा संपली. "पोरगी हुशार आहे हो," सर तुम्हाला म्हणाले. मला नाही. मी तिथेच, हातभर अंतरावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कायद्याची प्रत घेऊन प्राचार्यांच्या दारात गेले, तर तिथे त्या मुलीचे वडील उभे. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात मेथी आणि वांग्यांनी गच्च भरलेली पिशवी. शहराने घेऊन उरलेल्या जमिनीच्या तुकड्यात ते भाजी करतात. मला बघून त्यांनी हात जोडले आणि शिपायालाही जोडले. मी म्हटलं, "हात जोडू नका. भाजी परत न्या. हा तुमच्या मुलीचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही." ते माझ्याकडे नीट तोंड करून, सावकाश बोलले. घरात सवय असलेला माणूस लगेच ओळखू येतो. म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण हक्काचं व्हायला किती दिस लागत्याल? पोरीचं वर्ष जाईल. ह्याचं आत्ता व्हतंय." हातातली पिशवी जरा वर करून दाखवली आणि आत गेले. खरंच झालं. मला दारातून दिसत होतं, प्राचार्यांनी खुर्ची दिली, स्वतः पाणी पुढे केलं, फोन उचलला. मला आदल्या दिवशी सगळे नियम सांगून जे मिळालं नव्हतं, ते त्यांना पंख्याखाली बसल्या बसल्या मिळालं.

दुपारी परीक्षकांनी प्रश्न लिहून दिले. मुलीने सगळ्यांची उत्तरं दिली, एका ठिकाणी तर प्रश्नातलं समीकरण चुकलंय म्हणून सांगितलं. पास झाली. मी प्राचार्यांना म्हटलं, आता पुढच्या मुलांसाठी लेखी आदेश काढा. ते म्हणाले, "मिटलं ना मॅडम आता? माणुसकी म्हणून केलं आपण. प्रत्येक गोष्टीचा कागद कशाला करायचा?" परीक्षेच्या कितीतरी आधीच आम्ही कागद दिला होता, हे मी पुन्हा सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. जिन्याखाली ती मुलगी माझी वाट बघत होती. आनंदात होती, पण विचारलं तिने जे विचारायला हवं तेच. "मॅडम, एम. एस्सी.ला दुसऱ्या कॉलेजात गेले की बाबांना परत आणावं लागेल का?" मी म्हटलं, नाही. ठणकावून म्हटलं. तिने माझे ओठ वाचले, डोळेही वाचले असतील. बहिऱ्यांना फसवणं कठीण असतं.

तर माझं भांडण हे आहे, बाबा. तुम्ही इतकं छान सगळं केलंत की कॉलेजला काहीच करावं लागलं नाही. माझी सोय म्हणजे तुम्ही होतात. तुम्ही रजा काढलीत, पेढे नेलेत, प्रश्न बोललात, आणि मी बाहेर पडले तेव्हा ते कॉलेज जसं होतं तसंच राहिलं. माझ्यामागून आलेल्या मुलीला वडील नसतील, किंवा असतील आणि रजा मिळत नसेल, तर तिचं काय झालं असेल? तुम्ही एकदा तरी हात न जोडता, आवाज चढवून, "हे तुमचं काम आहे" असं म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांनी मी ते म्हणतेय तर लोक मला भांडखोर म्हणतात, आणि हात जोडणाऱ्याला खुर्ची देतात. माहीत आहे, तेव्हा कायदा नव्हता. माहीत आहे, तुम्हाला माझं वर्ष वाचवायचं होतं, जग सुधारायचं नव्हतं. तरीही मी चिडलेली आहे, आणि हे वाचून तुम्ही हसू नका.

आदेशासाठी मी पुन्हा पत्र देणार आहे, मग आणखी वर. ते चालूच राहील. तुम्हाला लिहिलेलं हे कुठे धाडायचं नाही, म्हणून इथे कबूल करायला हरकत नाही. त्या सकाळी प्राचार्यांच्या दाराबाहेर, कायद्याची प्रत छातीशी धरून उभी असताना, आत प्राचार्यांना त्या माणसापुढे पाण्याचा पेला करताना बघून, मला राग यायच्या आधी क्षणभर वाटलं होतं: काल माझ्याबरोबर तुम्ही आला असतात तर काम झालं असतं.