काखेतला चिमटा

११ जानेवारी, शनिवार
ज्युली आज केकाटली! दर शनिवारी तिला मुलांच्या सोबतीला नेते त्या बालगृहात, भर मुलांत. फटाक्यांनाही दाद न देणारी माझी लॅब्रेडोर — निकिताच्या मिठीत असताना एकदम केकाटली. मी पट्टा आवळला. दात दिसले का? देवा, कुणाला दिसले नसू देत.

घरी आल्यावर तिला तपासलं. प्रत्येक भेटीनंतर तपासायचंच असतं — कान, पंजे, पोट. पुढच्या पायाच्या काखेत नखांचे वण. चिमटा! निकिता नऊ वर्षांची. बापाने मारून हात मोडला, म्हणून बालकल्याण समितीने तिला भिंगारच्या या बालगृहात आणलं. वर्ष होत आलं, बापाचं तोंडही तिने पाहिलेलं नाही. आणि ही मुक्या जनावराला चिमटे काढते!

१२ जानेवारी
चर्चमध्ये लक्षच नव्हतं. डोळे मिटले की ज्युलीचा जबडा आणि निकिताचा गाल. एडविनचं म्हणणं — लिडिया, थांबव हे. चावली तर पोरीचंही वाटोळं आणि कुत्रीचंही. नवरा चुकला की मला बरं वाटतं. आज तो चुकत नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार
पुन्हा तेच. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. निकिता ज्युलीच्या गळ्यात पडली, हात खाली सरकला. ज्युली थरथरली, पण गप्प राहिली. त्याचीच जास्त भीती वाटली. जनावर तरी किती सोसेल?

पोरगी तिच्या कानात पुटपुटत होती, "गप. वरडायचं न्हाई. वरडलं की अजून." बापाचीच भाषा, दुसरं काय!

तिथल्या काळजीवाहिका राजेश्वरीबाईंना सांगितलं. भल्या आहेत बिचाऱ्या. म्हणाल्या, त्या पोरीला बाहेरच ठेवू, एकीपायी सगळ्यांचं कशाला बंद पडायचं? मी हो म्हणाले.

१९ जानेवारी
हो म्हणाले खरी. पण दाराबाहेर उभी केलेली निकिता डोळ्यांसमोरून हलत नाही.

२४ जानेवारी
उद्या एकदाच, शेवटचं, निकिताला आत बोलावणार. ज्युलीची तपासणी तिच्याकडूनच करून घेणार. ज्युलीला कुठे दुखतं ते तिच्या बोटांना कळू दे. एडविनला सांगितलेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार
१०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केलाय. त्यांची माणसं येईपर्यंत इथून हलणार नाही. निकिता मला चिकटून बसली आहे.

तिने ज्युलीचे कान पाहिले, पंजे पाहिले. काखेपाशी थांबली. "हितं कुनाला दिसत न्हाई," म्हणाली. मग स्वेटर वर करून स्वतःचा हात उचलला. "आता माजं बगा."

काही वण पिवळे पडलेले. काही लालभडक, कालपरवाचे.

कुणी केलं बाळा, असं मी विचारत होते, तेवढ्यात दार उघडून राजेश्वरीबाई आत आल्या. निकिताने झटकन हात खाली घेतला आणि दोन्ही हातांनी ज्युलीचं तोंड घट्ट दाबून धरलं.