यादम्माचा अंगठा

१ एप्रिल, मंगळ.
मागच्या मैदानात म्युनिसिपालटीचा बोर्ड लागला. तेलुगूत. सुनेला वाचायला नेलं. "आई, पाच मजली घरं बांधणार. हरकत असेल तर…" एवढं ऐकलं नि मी फिरले. वीस वर्षं तिथं पापड वाळवते मी. चिक्कडपल्लीत ऊन उरलंय कुठं दुसरीकडं? गच्चीला घरमालकाचं कुलूप.

२ एप्रिल, बुध.
नारायणगुड्यात झेरॉक्सवाल्याकडून हरकतीचा अर्ज टाइप करून आणला. पहिली सही माझी. दुसऱ्या नंबरावर अंगठा यादम्माचा, माझ्याकडं पापड लाटायला येते ती, समोरच लाटत बसली होती.
"कायकू अम्मा?"
"लगा गं. बाद में बोलती."
लावला. शाईबरोबर उडदाचं पीठ पण उमटलं. मग गल्लीभर फिरले. वरचे मास्तर म्हणतात, विचार करून सांगतो. म्हटलं करा, तोवर मैदान जाईल. केली सही मुकाट. एकतीस झाल्या.

३ गुरु.
अर्ज दिला. शिक्का घेतला. हे म्हणाले, आता तरी बस जरा.

८ मंगळ.
यादम्मा पेढे घेऊन आली. नाल्याकाठच्यांना सरकारी घरं, यादीत तिचं नाव. पावसाळ्यात पोरीला खाटेवर बसवून ही बाई गुडघाभर पाण्यात उभी राहते. म्हटलं, कुठं घर?
"पीछेच अम्मा, मैदान में. अब तुम्हारे बाजूच रहती मैं."
पेढा ताटलीत ठेवला. ती गेल्यावर सुनेवर ओरडले.
"बोर्डावर पुढं तेच होतं आई. तुम्ही थांबलात कुठं?"

९ बुध.
हापिसात गेले. कारकुनाला म्हटलं, दुसरं नाव, यादम्माचं, तेवढं काढा.
"एक नाम नहीं निकलता अम्मा. अर्ज तुम्हारा, वापस लिए तो पूरा लेना."
नाही घेतला तर?
"एतराज वाले को वहींच घर कैसा देते? परसों साहब पूछते."
सगळाच मागं घेतला तर गल्लीला काय तोंड दाखवू? आणि माझे पापड…

१० गुरु.
सांगितलं तिला. लाटणं थांबलं.
"पूछी थी मैं, कायकू करके."
हौ. विचारलं होतंन्.
मग पुन्हा लाटणं उचलत, "मैदान गया तो पापड कहाँ सुखाते अम्मा?"
मला रागच आला. म्हटलं, तू तुझं बघ गं!

११ शुक्र.
सुनावणी. एतराजवाले, म्हणजे आम्ही हरकतवाले, एका बाजूला, यादीवाले दुसऱ्या. यादम्मा मधेच उभी. हाताला धरून यादीवाल्यांत बसवली. मास्तर बघतच राहिले.
नाव पुकारलं. साहेबांना म्हटलं, हिला न सांगता अंगठा घेतला मी. चूक माझी, लिहून घ्या. घेतलं.
"वो ठीक है अम्मा. तुम्हारा खुद का एतराज है के नहीं?"
मागं गल्ली बसलेली. समोर ही, पदर तोंडाला लावून. हो म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हणायला पण उघडलं. म्हटलं, साहेब, वेळ द्या.
सोमवारपर्यंत वेळ दिलाय.